चेहरा कोणाला मिळतो? युरोपातल्या उजव्या पक्षांच्या पोस्टरांवरच्या कामाच्या नोंदी

३ जून २०२५

विषय पक्का झाला. उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षासाठी ऑगस्टमध्ये अभ्यासवर्ग घ्यायचा आहे, तो युरोपातल्या उजव्या लोकानुनयी पक्षांच्या निवडणूक पोस्टरांवर असेल. कॉरिडॉरमध्ये लावायचे बोर्ड मी तयार करणार. प्रिंट जमवणं आणि ट्रेसिंग सायली आणि ओंकार या दोन विद्यार्थ्यांकडे.

स्विस पोस्टर आम्ही शिकवतोच. डिझायनर योझेफ म्युलर-ब्रोकमान, ग्रिड म्हणजे मांडणीची आखीव जाळी, मोकळी सोडलेली जागा, एक आकार आणि एक ओळ. या शिस्तीवर माझं प्रेम आहे. पण त्याच देशात, तीच काटकसर वापरून, माणसांना हाकला म्हणणारी पोस्टरंही निघाली, आणि ती आमच्या अभ्यासक्रमात कुठेच नाहीत. ही मुलं उद्या एजन्सीत जातील, राजकीय पक्षांची कामं त्यांच्या टेबलावर येतील. त्याआधी त्यांनी ही पोस्टरं नीट उकलून पाहिलेली असावीत, असं मला मनापासून वाटतं.

पद्धत अशी: घोषणा झाकायची. उरलेल्या चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त आकार उतरवायचे. मग लाल पेन्सिलीने एवढंच नोंदवायचं, की चेहरा कोणाला दिलाय, कोणाला दिलेला नाही, आणि कोणाची नजर बघणाऱ्याकडे येते. बाकी सगळं नंतर.

६ जून

सुरुवात स्विस पीपल्स पार्टीपासून, म्हणजे एसव्हीपी. या पक्षाची बरीचशी गाजलेली पोस्टरं अलेक्झांडर सेगर्ट यांच्या 'गोल' या एजन्सीतून निघाली.

२००७ चं मेंढ्यांचं पोस्टर टेबलावर घेतलं. लाल जमीन, त्यावर पांढरा क्रॉस, म्हणजे देशाचा ध्वजच पायाखालची जमीन झालेला. तीन पांढऱ्या मेंढ्या ध्वजावर उभ्या. त्यातली एक मागच्या पायाने काळ्या मेंढीला लाथ घालून बाहेर काढतेय. घोषणा 'सुरक्षितता निर्माण करू' अशा अर्थाची. गुन्हा केलेल्या परदेशी लोकांना देशाबाहेर काढण्याच्या जनमत-प्रस्तावासाठी सह्या गोळा करायच्या होत्या, त्यासाठी हे पोस्टर आलं आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या संसदीय निवडणुकीवर त्याची छाया राहिली. पक्षाला सुमारे २९ टक्के मतं पडली. संयुक्त राष्ट्रांचे वंशभेदविषयक विशेष प्रतिनिधी दूदू दियेन यांनी स्विस सरकारकडे या पोस्टरबद्दल खुलासा मागितला. पक्षाचं म्हणणं, काळी मेंढी म्हणजे गुन्हेगार, कातडीच्या रंगाशी तिचा संबंध नाही.

ट्रेस करताना दिसलं ते वेगळंच. चित्रात एकही माणूस नाही. लहान मुलांच्या पुस्तकात शोभेल असं चित्र आहे, रेषा गोलसर, रंग सपाट, आणि कृती मात्र हिंसेची. मेंढीला लाथ बसलेली पाहून कोणाला वाईट वाटत नाही. माणसाला बसली असती तर वाटलं असतं. प्राणी निवडण्यामागचं कारण मला इथे सापडतं.

ओंकारने या पक्षाच्या आसपासचे बाकीचे प्राणी एका ओळीत लावले. २००९ मध्ये बल्गेरिया आणि रुमानियाच्या नागरिकांना मुक्त संचार देण्याविरुद्ध स्वित्झर्लंडच्या नकाशाला टोचणारे काळे कावळे. २०१० मध्ये इटालियन भाषिक तिचिनो प्रांतात चीज कुरतडणारे तीन उंदीर. रोज सीमा ओलांडून कामाला येणारे इटालियन आणि इतर परके म्हणजे हे उंदीर. २०१९ मध्ये स्विस क्रॉस असलेलं सफरचंद पोखरणाऱ्या अळ्या, त्यात युरोपीय संघाची एक आणि बाकीच्या विरोधी पक्षांच्या रंगांच्या. या शेवटच्यावर पक्षाच्या आतूनही टीका झाली, कारण माणसांना किडा म्हणणाऱ्या चित्रांचा युरोपातला इतिहास तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. उलट पक्षाचा स्वतःचा प्राणी होता झोटेल नावाचा लोभस बोकड. त्याला नाव होतं, त्याचा संगणकावरचा खेळही होता.

प्राण्यांमध्येही नाव आणि स्वभाव फक्त आपल्याच प्राण्याला. हे लाल पेन्सिलीने समासात लिहून ठेवलंय.

७ जून

सायलीने विचारलं, "मॅडम, इतक्या श्रीमंत देशात प्रचार अजून कागदावर का? टीव्ही का नाही?" प्रश्न नेमका होता. स्वित्झर्लंडमध्ये रेडिओ-टीव्हीवर राजकीय जाहिरातींना कायद्याने बंदी आहे. शिवाय तिथे वर्षातून साधारण चार वेळा जनमत घेतलं जातं. १८ महिन्यांत १ लाख सह्या जमवल्या की घटनादुरुस्तीचा प्रस्ताव थेट लोकांपुढे जातो. म्हणजे प्रश्न 'हो की नाही' एवढाच उरतो, आणि तो विचारायची जागा म्हणजे रेल्वे स्टेशनवरची ९०.५ बाय १२८ सेंटिमीटरची चौकट. हा स्विस पोस्टरचा प्रमाण आकार, ज्याला तिथे 'जागतिक आकार' म्हणतात. आम्ही ज्यांची पोस्टरं वर्गात डोळ्यांपुढे धरतो त्या सगळ्यांनी याच चौकटीत काम केलं.

चौकट तीच, प्रश्न दोन उत्तरांचा, बघणारा गाडी पकडायच्या घाईत. मेंढी तिथून आली.

११ जून

मिनार. आजचा अख्खा दिवस यावर गेला आणि गेला ते बरं झालं.

२९ नोव्हेंबर २००९ ला स्वित्झर्लंडने मिनार बांधायला बंदी घालणारी घटनादुरुस्ती ५७.५ टक्के मतांनी स्वीकारली. तेव्हा अख्ख्या देशात मिनार होते चार. वादाची ठिणगी पडली वांगेन बाय ओल्टेन या लहान गावात, एका तुर्की सांस्कृतिक संस्थेने आपल्या इमारतीवर साधारण सहा मीटरचा मिनार बांधायला परवानगी मागितली तेव्हा. सहा मीटर म्हणजे दुमजली घराएवढी उंची.

पोस्टरवर मात्र काळे मिनार ध्वज फोडून वर आलेत, क्षेपणास्त्रांसारखे टोकदार. पुढे काळ्या बुरख्यातली बाई, फक्त डोळे उघडे. खाली 'थांबा' हा शब्द ठळक. बाझल आणि लोझान या शहरांनी हे पोस्टर सार्वजनिक जागांवर लावू दिलं नाही. झुरिक आणि जिनिव्हाने अभिव्यक्तीस्वातंत्र्याचं कारण देऊन लावू दिलं. वंशभेदविरोधी संघीय आयोगाने त्यावर कडक टीका केली.

झाकून पाहिलं. ध्वज पुन्हा जमीन, पण यावेळी भोकं पडलेली जमीन. मिनारांच्या उभ्या रेषा आणि बाईची उभी आकृती एकाच काळ्या रंगात, त्यामुळे नजर त्यांना वेगळं करत नाही. बाई ही त्या रांगेतलीच एक वस्तू होते. मग तिचे डोळे. हे एकच पोस्टर आतापर्यंत असं सापडलं, जिथे परक्याची नजर बघणाऱ्याला भिडते, पण चेहरा नसलेली नजर. ओळख पटावी इतकं दाखवायचं नाही, आणि कोणीतरी बघतंय असं मात्र वाटलं पाहिजे. माझ्या मते एवढा कोपरा तरी रेखाटनाच्या बाजूने अतिशय कुशल आहे, आणि म्हणूनच तो बोर्डवर मोठा दाखवायला हवा. वाईट हेतूचं काम वाईट हाताने केलेलं असतं, अशी समजूत घेऊन मुलांनी इथून बाहेर पडू नये.

सायलीने याच्या शेजारी २००४ चं पोस्टर ठेवलं. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतल्या स्थलांतरितांना नागरिकत्व सोपं करण्याविरुद्धच्या प्रचारातलं. स्विस पासपोर्टांनी भरलेला खोका आणि त्यात घुसलेले निरनिराळ्या वर्णांचे हात. फक्त हात. त्या मतदानात दोन्ही प्रस्ताव पडले. हातांची वेगळी फाइल उघडली.

१२ जून

मिनारांचं पोस्टर फार लांब गेलं. २०१० च्या प्रादेशिक निवडणुकीत फ्रान्सच्या नॅशनल फ्रंट या उजव्या पक्षाने जवळपास तीच रचना उचलली. फ्रान्सचा नकाशा अल्जीरियाच्या ध्वजाने झाकलेला, त्यावर क्षेपणास्त्रांसारखे मिनार, बाजूला बुरख्यातली बाई. अल्जीरियाने निषेध केला, मार्सेच्या न्यायालयाने पोस्टर काढायला लावलं, आणि 'गोल' एजन्सीने आपलं डिझाइन चोरल्याची तक्रार केली. मेंढ्या जर्मनीतल्या एनपीडी या अतिउजव्या पक्षाने उचलल्या, तेव्हाही एसव्हीपीने हरकत घेतली होती.

हे पक्ष आपापल्या राष्ट्राच्या वेगळेपणाची गोष्ट सांगतात. त्यांची चित्रं मात्र ध्वज बदलला की कुठेही बसतात. बोर्डवर दोन्ही पोस्टरं शेजारी-शेजारी, ओळ न लिहिता.

१७ जून

व्हिएन्नाला वसुधाताईंना फोन केला. तीसेक वर्षं तिथे राहतात. ऑस्ट्रियाची फ्रीडम पार्टी, म्हणजे एफपीओ, हिच्या पोस्टरांबद्दल विचारलं.

"अगं, तिथे चित्र फार नसतंच," त्या म्हणाल्या. "एक चेहरा आणि एक यमक. यमक असं की मुलं बसमध्ये म्हणत सुटतात. नको असलं तरी डोक्यात राहतं."

एफपीओच्या यमकांचे कर्ते म्हणून हर्बर्ट किकल ओळखले जातात. आधीचे पक्षनेते हायडर आणि त्यांच्यानंतरचे श्ट्राखे यांच्यासाठी घोषणा लिहिणारा हा माणूस आता स्वतः पक्षाचा प्रमुख आहे. २००६ चं 'दाहाम श्टाट इस्लाम' म्हणजे इस्लामऐवजी आपलं घर. त्यात 'घर' हा शब्द मुद्दाम बोलीतला. व्हिएन्नाच्या प्रचारात 'पुमरिन श्टाट मुएझिन', म्हणजे अजान देणाऱ्या मुएझिनऐवजी पुमरिन. पुमरिन ही सेंट स्टीफन कॅथीड्रलची प्रचंड घंटा, प्रत्येक व्हिएन्नावासीयाच्या ओळखीची. २०१० मध्ये 'व्हिएन्नी रक्ता'ची घोषणा आली आणि त्या शहराच्या निवडणुकीत पक्षाला पावपेक्षा जास्त मतं पडली. २०१३ मध्ये 'शेजाऱ्यावर प्रेम कर' हे बायबलचं वचन घेऊन खाली जोडलं, की माझ्यासाठी शेजारी म्हणजे आपले ऑस्ट्रियन. २०२४ मध्ये किकल यांच्या चेहऱ्याखाली 'तुमची इच्छा पूर्ण होवो', ख्रिस्ती प्रार्थनेतली ओळ वळवून. चर्चमधून आक्षेप आले. सप्टेंबर २०२४ च्या निवडणुकीत पक्ष सुमारे २९ टक्के मतांनी पहिला आला.

इथे लाल पेन्सिलीचं काम लगेच संपतं. एकच चेहरा, नेत्याचा, मोठा, सरळ बघणारा. घंटा, घर, प्रार्थना हे सगळं आधीपासून सगळ्यांच्या मालकीचं. ते उचलून एका चेहऱ्याशेजारी ठेवायचं. परका फक्त यमकाच्या दुसऱ्या टोकाला, आवाज म्हणून. त्याला चित्रात जागाच नाही.

ताईंनी आणखी एक सांगितलं, जे कुठल्या पुस्तकात मला मिळालं नसतं. ऑस्ट्रियात ही पोस्टरं तिकोनी स्टँडवर लावून फुटपाथवर, ट्रॅमच्या थांब्यापाशी उभी करतात. "चेहरा बरोबर आपल्या उंचीला येतो. आपण ट्रॅमची वाट बघतोय, आणि शेजारी तो उभा आहे." जर्मनीत निवडणुकीची पोस्टरं विजेच्या खांबांना वर बांधलेली असतात, मान वर करून बघावी लागतात. फ्रान्समध्ये मतदान केंद्राबाहेर प्रत्येक उमेदवाराला सारख्या मापाचा फलक, आणि निवडणूक नियमांमुळे पोस्टरवर निळा-पांढरा-लाल हा राष्ट्रध्वजाचा मेळ वापरायला मनाई. जिथे ध्वजच वापरता येत नाही तिथे काय करायचं? २०१७ मध्ये नॅशनल फ्रंटच्या नेत्या मारीन ल पेन यांनी पक्षाचं नाव आणि ज्वालेचं चिन्हही काढून टाकलं आणि आडनाव गाळून नुसतं 'मारीन' ठेवलं. चेहरा, पहिलं नाव, निळा रंग.

२४ जून

ब्रेकिंग पॉइंट.

१६ जून २०१६. ब्रिटनच्या युरोपीय संघाबाबतच्या सार्वमताला आठवडा उरलेला. संघातून बाहेर पडण्याची मागणी करणाऱ्या यूकिप पक्षाचे नेते नायजेल फराज यांनी लंडनमध्ये व्हॅनवर लावलेलं पोस्टर उघड केलं: माणसांची न संपणारी रांग, वर लाल अक्षरात 'ब्रेकिंग पॉइंट', म्हणजे सहनशक्तीचा अंत, खाली 'युरोपीय संघाने आपल्या सगळ्यांचा घात केला'. त्याच दिवशी दुपारी खासदार जो कॉक्स यांचा एका अतिउजव्या माणसाने खून केला. युनिसन या कामगार संघटनेचे प्रमुख डेव्ह प्रेंटिस यांनी पोस्टरची पोलिसांकडे तक्रार केली होती. संघातून बाहेर पडा म्हणणारे मंत्री मायकेल गव्हही म्हणाले की ते पाहून अंगावर शहारा आला.

छायाचित्र जेफ मिचेल या छायाचित्रकाराचं, ऑक्टोबर २०१५ मधलं, क्रोएशिया-स्लोव्हेनिया सीमेवरच्या रिगोन्त्से गावाजवळचं. युद्धातून आणि हलाखीतून निघालेली माणसं, पोलिसांच्या पहाऱ्यात शेतातून छावणीकडे चाललेली. ब्रिटन शेंगेन क्षेत्रात, म्हणजे सीमेवर तपासणी न करता ये-जा करू देणाऱ्या देशांत, नव्हता; ही रांग ब्रिटनच्या सीमेवर नव्हती आणि संघाच्या मुक्त संचाराच्या नियमाशीही तिचा संबंध नव्हता.

आम्ही मूळ छायाचित्र आणि पोस्टर एकावर एक ठेवून पाहिलं. हे आजपर्यंतच्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं ट्रेसिंग आहे. रांग वळण घेत प्रेक्षकाकडे येते आणि चौकटीच्या कडेला कापली जाते. त्यामुळे ती संपते कुठे हे दिसत नाही, संपत नाही असंच वाटतं. पुढच्या भागात चेहरे चक्क आहेत, स्पष्ट आहेत, पण एकाही चेहऱ्यावर नजर थांबत नाही, कारण लगेच पुढचा आहे, त्याच्या मागे पुढचा. आणि ब्रिटिश पत्रकारांनी तेव्हाच दाखवून दिलं होतं की रांगेत ठळकपणे दिसणारा एक गोरा माणूस मजकुराच्या पट्टीखाली गेला आहे. पट्टी कुठे टाकायची हा निर्णय लेआउट करणाऱ्याचा असतो. आम्ही सगळे रोज असे निर्णय घेतो. माझ्या दृष्टीने ही पट्टी म्हणजे पोस्टरमधलं सगळ्यात बोलकं वाक्य आहे, घोषणेपेक्षा.

चेहरा न देता दूर ढकलायची ही दुसरी रीत: चेहरे इतके द्यायचे की एकही उरणार नाही. हे आमच्या तक्त्यात बसत नव्हतं, म्हणून नवीन रकाना केला, 'गर्दी'.

याच रकान्यात पुढची नोंद लगेच आली. २०१८ च्या निवडणुकीआधी हंगेरीच्या सरकारने तेच छायाचित्र वापरलं, वर लाल अष्टकोनी 'थांबा'ची पाटी. तीच माणसं, तीच रांग, दुसरा देश, दुसरा धाक.

२६ जून

हंगेरीसाठी वेगळा बोर्ड लागेल. या पोस्टरांच्या काळात इथे पक्ष आणि सरकार यांच्यातली रेषाच पुसट होती. पोस्टरवर नाव सरकारचं, पैसा जनतेचा, आणि प्रचार फिदेस या तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाच्या भूमिकेचा.

२०१५ च्या उन्हाळ्यात मोठाले फलक लागले: 'हंगेरीत आलात तर हंगेरियनांच्या नोकऱ्या घ्यायच्या नाहीत.' मजकूर हंगेरियन भाषेत. ज्यांना उद्देशून लिहिलंय त्यांना तो वाचताच येणार नाही, म्हणजे वाचक कोण ते उघड आहे. 'दोन शेपट्यांचा कुत्रा' नावाच्या पक्षाने लोकांकडून वर्गणी गोळा करून उत्तरं लावली; त्यातल्या एकात परक्यांना सांगितलं होतं की खुशाल या, आम्ही आधीच इंग्लंडमध्ये कामाला गेलोय. निर्वासितांच्या वाटपाबद्दलच्या २०१६ च्या सार्वमतात निळ्या पाटीवर नुसता मजकूर, 'तुम्हाला माहीत आहे का?' चित्र काहीच नाही. मतदान पुरेसं न झाल्याने ते सार्वमत अवैध ठरलं.

मग २०१७, आणि आमच्या तक्त्याला अपवाद. अब्जाधीश गुंतवणूकदार आणि देणगीदार जॉर्ज सोरोस यांचा चेहरा. काळा-पांढरा, जवळून घेतलेला, हसणारा. मजकूर: शेवटी सोरोस हसणार नाही याची काळजी घ्या. रस्तोरस्ती तोच चेहरा. बुडापेस्टच्या ट्रॅममध्ये तर तो जमिनीवर चिकटवला होता, येणारे-जाणारे त्याच्यावर पाय देत चढत होते. सोरोस हे हंगेरीत जन्मलेले ज्यू, लहानपणी नाझींपासून लपून वाचलेले. फलकांवर लोकांनी ज्यूद्वेष्ट्या शिव्या लिहिल्या. ज्यू संघटनेचे अध्यक्ष आंद्राश हाइस्लर यांनी पंतप्रधान ओर्बान यांना पोस्टरं काढण्याची विनंती केली. जुलैत ती उतरली. २०१९ मध्ये सोरोस परत आले, यावेळी युरोपीय आयोगाचे अध्यक्ष युंकर यांच्यासोबत. त्यानंतर मार्चमध्ये युरोपियन पीपल्स पार्टी या युरोपातल्या मध्यम-उजव्या पक्षांच्या गटाने फिदेसचं सदस्यत्व स्थगित केलं.

लाखो माणसांना चेहरा नाही आणि एका माणसाला सगळ्यांचा चेहरा. गर्दी ही संकट म्हणून येते, आणि तिच्यामागे कोणीतरी हसतंय हे सांगायला एक ओळखू येणारं तोंड लागतं. या दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून आहेत. एकीशिवाय दुसरी उभी राहत नाही. म्हणून २०१८ ची रांग आणि २०१७ चं हसू आम्ही एकाच बोर्डवर लावतोय.

चेहऱ्याचा हा वापर उलटवलाही गेला. २०१७ मध्ये योब्बिक या दुसऱ्या उजव्या पक्षाने ओर्बान आणि त्यांच्या जवळच्या धनिकांचे चेहरे फलकांवर लावले: 'तुम्ही राबता, ते चोरतात.' सरकारने फलकांच्या जाहिरातींचा कायदाच बदलला.

१ जुलै

आतापर्यंत परक्यांचे चेहरे पाहिले. आज 'आपल्या' माणसांचे.

२०१४ मध्ये यूकिपचं एक पोस्टर: हेल्मेट घातलेला बांधकाम कामगार, पुढ्यात भीक मागायला ठेवलेलं भांडं, स्वस्त परदेशी मजुरांमुळे ब्रिटिश कामगाराची ही गत झाली, असं खाली. थोड्याच दिवसांत कळलं की कामगार म्हणून उभा राहिलेला नट आयर्लंडहून आलेला होता. २००९ मध्ये बीएनपी या ब्रिटनमधल्या अतिउजव्या पक्षाने 'ब्रिटनसाठी लढाई' म्हणत दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर विमान छापलं; विमानावरची अक्षरं ३०३ स्क्वाड्रनची, म्हणजे ब्रिटनसाठी लढलेल्या पोलिश वैमानिकांची निघाली. आणि पोलिश स्थलांतरितांविरुद्धच तो पक्ष मतं मागत होता. २०१९ मध्ये हंगेरीच्या कुटुंब योजनेच्या पोस्टरवर जे सुखी जोडपं होतं, ते स्टॉक फोटोतलं, दुसऱ्या मुलीकडे वळून बघणाऱ्या प्रियकराच्या मीममुळे जगभर ओळखीचं झालेलं.

हसण्यावारी नेण्यासारखे हे प्रकार वाटतात, पण त्यातून खरी गोष्ट हाती लागते. 'आपला माणूस' हा कोणी एक माणूस नसतोच. तो प्रकाशयोजनेने आणि कपड्यांनी तयार करावा लागतो, आणि तो स्टॉक फोटोच्या साइटवर विकत मिळतो. २०१६ मध्ये डॅनिश पीपल्स पार्टीने 'आपला डेन्मार्क' म्हणून प्रसन्न चेहऱ्यांचा घोळका दाखवला. एकही कडवट शब्द नाही. सगळे गोरे, एवढंच. कोण नाही हे सांगायला शब्द लागत नाहीत, चौकट पुरते. हे पोस्टर मला मेंढ्यांपेक्षा जास्त अवघड वाटतं, कारण ते नाकारायला बोट ठेवायला जागाच सापडत नाही.

हातांच्या फाइलीत दोन भर: बेल्जियममधल्या व्लाम्स ब्लोक या पक्षाच्या १९९१ च्या पोस्टरवरचे मुष्टियुद्धाचे हातमोजे, 'स्वसंरक्षणासाठी', आणि यूकिपचं २०१४ चं, बघणाऱ्याकडे रोखलेलं मोठं बोट, 'ते कोणाच्या नोकऱ्यांच्या मागे आहेत?' शत्रूचे हात ओरबाडतात, आपले हात अडवतात किंवा बोट दाखवतात.

८ जुलै

जर्मनीतला एएफडी. २०१७ ची मालिका. गवतात पहुडलेली हसरी गरोदर बाई, 'नवे जर्मन? आम्ही स्वतःच बनवू.' समुद्रकिनाऱ्यावर बिकिनीतल्या मुली पाठमोऱ्या, 'बुरखा? आम्हाला बिकिनी आवडते.' पक्षाला १२.६ टक्के मतं मिळाली आणि तो पहिल्यांदा संसदेत गेला.

सायलीने ट्रेसिंग झाल्यावर बराच वेळ काही न बोलता पाहिलं आणि मग म्हणाली, "मॅडम, यात आपल्या बाईलाही चेहरा नाही दिलेला. तिला पोट दिलंय, पाठ दिलीय." गरोदर बाईचा चेहरा आहे, पण तिचा मुद्दा बरोबर आहे, घोषणा बोलते ती पोटाबद्दल. 'आम्ही' म्हणणारा आवाज तिचा आहे की तिच्याबद्दल बोलणाऱ्याचा, हा प्रश्न बोर्डवर जसाच्या तसा लिहिणार, तिच्या नावाने.

मग २०१९ ची युरोपीय निवडणूक. बर्लिनमध्ये एएफडीने झाँ-लेओं जेरोम या फ्रेंच चित्रकाराचं १८६६ चं 'गुलामांचा बाजार' लावलं. पगडीतले पुरुष, मधोमध विवस्त्र बाई, एकजण तिच्या तोंडात बोटं घालून दात तपासतोय. वर मजकूर, युरोपाचा 'युरेबिया' (युरोप आणि अरेबिया जोडून केलेला शब्द) होऊ नये म्हणून आम्हाला मत द्या. मूळ चित्र अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या क्लार्क संग्रहालयात आहे. त्यांनी वापर थांबवायला सांगितलं, पण चित्र स्वामित्वहक्काबाहेर गेलेलं असल्यामुळे विनंतीपलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं.

या चित्रावर मला मुलांशी सविस्तर बोलायचंय. जेरोम यांनी एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसच्या ग्राहकासाठी कल्पनेतला पूर्व रंगवला. बारीक काम इतकं चोख की छायाचित्रासारखा पुरावा वाटावा. दीडशे वर्षांनी तो कल्पित पूर्व खरोखरच पुरावा म्हणून खांबाला बांधला गेला. चित्रकलेच्या इतिहासाचा तास आणि जाहिरातीचा तास वेगवेगळ्या वर्गांत होतात म्हणून ही साखळी आपल्याला दिसत नाही.

१५ जुलै

चेहरा लपवण्यामागे एक अगदी व्यावहारिक कारणही असावं असं वाटायला लागलंय, आणि ते न्यायालयात सापडलं. २०११ मध्ये एसव्हीपीने जाहिरात दिली, तिचं शीर्षक 'कोसोवोवाले स्विसांना भोसकतात' अशा अर्थाचं होतं. त्यावरून पक्षाच्या दोन पदाधिकाऱ्यांना वंशभेदविरोधी कायद्याखाली दोषी ठरवलं गेलं आणि २०१७ मध्ये सर्वोच्च संघीय न्यायालयाने ते कायम केलं. तिथे एका लोकसमूहाचं नाव घेतलं होतं. मेंढी, कावळा, हात, मिनार यांना नाव नाही. चित्र सगळं सांगतं आणि विचारलं तर काहीच बोललो नाही म्हणतं. माझा तर्क असा की बिनचेहऱ्याची ही चित्रभाषा जितकी भीतीच्या मानसशास्त्रातून आली तितकीच वकिलाच्या सल्ल्यातून घडत गेली.

आणि हेही बोर्डवर हवं, की ही पोस्टरं नेहमी जिंकत नाहीत. कावळे हरले: २००९ मध्ये मुक्त संचाराच्या बाजूने सुमारे ६० टक्के. २०१६ मध्ये मेंढ्या परत आल्या, हद्दपारीचा नियम आणखी कडक करायला, ५८.९ टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं.

२२ जुलै

पहिले बोर्ड सॉफ्टबोर्डवर टाचून दोघांसह इतर मुलांना दाखवले. चर्चा तासापेक्षा लांबली.

एका विद्यार्थ्याचा प्रश्न: आपल्याकडच्या फ्लेक्सवर तर चेहरेच चेहरे असतात, वर राष्ट्रीय नेते, खाली प्रदेशाचे, मग वॉर्डातले, वाढदिवसाचा मानकरी मध्ये. मग हे तक्ते आपल्याला काय कामाचे? मी म्हटलं, फ्लेक्सवरचे चेहरे पक्षाच्या आतली उतरंड सांगतात, आपण युरोपात शोधतोय तो चेहरा चौकटीबाहेरच्या माणसाचा. दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपल्याकडचा दुसरा प्रश्न कोणाला घ्यायचा असेल तर पद्धत तीच वापरा, लाल पेन्सिल मी देईन. दोघांनी नावं दिली.

खरा वाद झाला तो मापावरून. ओंकारला पोस्टरं मूळ आकारात हवी आहेत, ९०.५ बाय १२८, कारण "ताकद कळायला माप लागतं." सायलीचा विरोध: कॉरिडॉरमधून जाणाऱ्याला मजकूर वाचायला वेळ नसतो, त्याला फक्त मिनार दिसेल, आणि आपण त्यांचंच काम करू. दोघांचंही खरं आहे. या पोस्टरांचा मोठा प्रसार त्यांच्यावर टीका करणाऱ्या बातम्यांतून झाला; ब्रेकिंग पॉइंट व्हॅनवर किती जणांनी पाहिलं असेल, आणि वर्तमानपत्रांत किती जणांनी.

ठरलं ते असं. मूळ पोस्टर पोस्टकार्डाएवढं. आमचं ट्रेसिंग पूर्ण मापात, शब्दांशिवाय. रिगोन्त्सेचं छायाचित्र, परवाना मिळाला तर, न कापता, पट्टीशिवाय, मोठं. छायाचित्राच्या एजन्सीला मेल पाठवलाय. जेरोम यांचं चित्र हक्कमुक्त आहे, ते पूर्ण छापू, चौकटीसकट.

२९ जुलै

शेवटचा बोर्ड मोकळा ठेवायचा विचार होता, पण त्यासाठी साहित्य समोरच आहे. २०२३ मध्ये एएफडीच्या एका खासदाराने समाजमाध्यमावर निर्वासितांविरुद्ध एक प्रतिमा टाकली: तोंड वासून ओरडणाऱ्या तरुण पुरुषांचा जमाव, सगळे कॅमेऱ्याकडे रोखून बघणारे. ती कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली होती. २०२४ च्या युरोपीय निवडणुकीत फ्रान्समधल्या उजव्या पक्षांच्या प्रचारातही अशा प्रतिमा आल्या.

आमचा तक्ता इथे पुरत नाही. इतकी वर्षं परक्याला चेहरा मिळत नव्हता, आता मिळालाय: जवळून, भावनांसह, नजरेला नजर देणारा. फक्त तो कोणाचाच नाही. रिगोन्त्सेच्या रांगेतला माणूस निदान होता. त्याला शोधून विचारता आलं असतं, की तू कुठून आलास, तुझं चित्र असं वापरलं तर तुझं काय म्हणणं आहे. इथे विचारायला कोणी नाही, हक्क मागायला कोणी नाही, पट्टीखाली झाकायलाही कोणी नाही. म्हणून नवीन रकाना, 'चेहरा आहे, माणूस नाही'.

ऑगस्टच्या वर्गासाठी पहिला गृहपाठ यावरूनच देतेय. प्रत्येकाने दोन प्रतिमा घ्यायच्या, एक रांगेतल्या खऱ्या माणसांची आणि एक बनवलेली. दोन्हींतला एकेक चेहरा पेन्सिलीने, निदान तासभर बसून, पूर्ण काढायचा. कागद ए-३, शेडिंग चालेल, फोटोवरून छापून घेतलेलं चालणार नाही. पहिल्या तासाला दोन्ही चित्रं भिंतीवर शेजारी लावून, काढताना कुठे हात अडला ते प्रत्येकाने सांगायचं. सायली आणि ओंकार त्यांची चित्रं आधी करून बघतायत.